बारावा

यरुशलेममधल्या एका माडीवरच्या खोलीत माणसं प्रार्थना करत बसली आहेत. येशूचं स्वर्गारोहण होऊन गेलं आहे आणि पवित्र आत्मा उतरायला अजून अवकाश आहे. वाट पाहा, एवढंच त्यांना सांगितलेलं आहे. किती दिवस, ते सांगितलेलं नाही. असं नुसतं बसून राहणं पेत्राच्या स्वभावाला मानवणारं नव्हतं. जमलेल्या सुमारे एकशेवीस जणांपुढं तो उभा राहिला आणि त्यानं व्यवहाराचा विषय काढला. बारांतली एक जागा रिकामी पडली आहे, ती भरली पाहिजे.

जागा येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कार्योताची. त्याच्या शेवटाची हकिगत लूक तिथंच, पेत्राच्या भाषणात, भयानक तपशिलासकट उरकून टाकतो. मला त्यात रमावंसं वाटत नाही. यहूदावर लिहिणारे पुष्कळ आहेत. जागा भरायची निकड का होती, एवढं समजलं तरी पुरे. इस्राएलाचे वंश बारा, म्हणून येशूनं निवडलेले प्रेषितही बारा. बारा आसनांवर बसून ते बारा वंशांचा न्याय करतील, असा शब्द त्यानं दिला होता. अकराच्या आकड्याला त्या शब्दात जागा नव्हती.

मग पेत्रानं अट सांगितली. योहान बाप्तिस्मा देत होता तेव्हापासून ते येशूला वर घेतलं गेलं त्या दिवसापर्यंत, प्रभू त्यांच्यात वावरला तो सगळा काळ जो सोबत होता, अशांपैकीच कुणीतरी हवा. अटीत बसणारे दोघे निघाले. एक योसेफ, ज्याला बर्सबा म्हणत आणि ज्याचं युस्त असंही नाव होतं. दुसरा मत्थिया. सगळ्यांनी प्रार्थना केली, चिठ्ठ्या टाकल्या, मत्थियाची चिठ्ठी निघाली आणि अकरा प्रेषितांबरोबर त्याची गणना झाली. लूकच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा पहिला अध्याय इथं संपतो, आणि मत्थियाही. नव्या करारात त्याचं नाव पुन्हा येत नाही.

आम्हाला संडे स्कूलमध्ये बारा शिष्यांची नावं पाठ करायला लावत. यादी पेत्रापासून सुरू व्हायची आणि यहूदाशी थांबायची. मत्थियाचं नाव कुणी विचारत नसे. कधी कुणी घेतलंच, तर बाईंना वाटायचं पोरगं मत्तय म्हणताना अडखळलं. मत्तयाच्या नावावर अख्खं शुभवर्तमान आहे. मत्थियाच्या नावावर एक चिठ्ठी.

पेत्राची ती अट आपण नेमणुकीची पात्रता म्हणून वाचतो आणि पुढं जातो. मला ती मत्थियाचं चरित्र वाटते, आणि त्याचं दुसरं चरित्र उपलब्धही नाही. यार्देन नदीपासून जैतूनांच्या डोंगरापर्यंतचा सगळा काळ तो सोबत होता. हे एकच वाक्य मनात धरून शुभवर्तमानं पुन्हा वाचायला घेतली, की ठिकठिकाणी हा माणूस कडेला उभा दिसायला लागतो.

सगळ्यात आधी तो दिसतो डोंगरावरच्या त्या पहाटे. लूक सांगतो की येशू प्रार्थना करायला डोंगरावर गेला आणि त्यानं अख्खी रात्र प्रार्थनेत काढली. दिवस उजाडल्यावर त्यानं आपल्या शिष्यांना बोलावलं आणि त्यांच्यातून बारा जण निवडले. ‘त्यांच्यातून’ हे महत्त्वाचं. म्हणजे शिष्य बारापेक्षा जास्त होते आणि निवड सगळ्यांच्या देखत झाली. मत्थिया योहानाच्या बाप्तिस्म्यापासून बरोबर होता हे पेत्राचं म्हणणं खरं मानलं, तर त्या सकाळी तो तिथं असणार. शिमोन, ज्याला पेत्र हे नाव दिलं. त्याचा भाऊ अंद्रिया. याकोब. योहान. एकेक नाव पुकारलं जातंय आणि एकेक जण पुढं होतोय. मत्तयाचं नाव येतं. हा जकातीच्या नाक्यावरून उठून आलेला, मत्थियाच्या मानानं नवखा. काटेकोर पाहिलं तर पेत्राची पुढची अट मत्तयाला स्वतःलाही लागू पडली नसती. थोमाचं येतं. शेवटचं नाव येतं यहूदा इस्कार्योत. आणि यादी संपते.

नाव न पुकारलेली माणसं त्यानंतर काय करत होती, ते लूकनं लिहिलेलं नाही. पण पुढच्याच वाक्यात येशू बारांना घेऊन खाली सपाट जागी येतो आणि तिथं त्याच्या शिष्यांचा मोठा समुदाय उभा असतो. म्हणजे मत्थिया डोंगर उतरून खाली आला आणि थांबला. येशू मग गरिबांना, भुकेलेल्यांना, रडणाऱ्यांना धन्य म्हणतो. ते भाषण त्या सकाळी त्याच्या कानांवर कसं पडलं असेल, याचा मी बराच विचार केला आहे. धर्मग्रंथ वाचताना असा विचार फार ताणू नये असं मोठी माणसं सांगतात, तरी मी तो करतेच.

दुसऱ्यांदा तो मला कफर्णहूममध्ये दिसतो. आपलं मांस आणि रक्त यांविषयी येशू तिथल्या सभास्थानात असं काही बोलतो, की ऐकणाऱ्यांना ते झेपत नाही. त्याच्या शिष्यांपैकी पुष्कळ जण तिथूनच मागं फिरले, असं योहान स्वच्छ लिहितो. तेव्हा येशू बारांकडे वळून विचारतो, तुम्हीही जाणार का? पेत्र सगळ्यांच्या वतीनं उत्तर देतो, ते प्रसिद्ध आहे. पण प्रश्न विचारला गेला तो बारांना. मत्थियाला कुणी काही विचारलं नाही. तो गेला असता तर मागं फिरलेल्या त्या ‘पुष्कळां’त आणखी एकाची भर पडली असती, इतकंच. तो गेला नाही.

शेवटच्या भोजनाच्या मेजावर तो नव्हता. पाय धुतले गेले ते बारांचे, त्यांत यहूदाचेही. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी अम्माऊसहून दोन शिष्य धावत परत येतात तेव्हा त्यांना एकत्र जमलेले सापडतात ते अकरा जण, आणि त्यांच्याबरोबर असलेले. मत्थियाला शोधायचं तर या ‘बरोबर असलेल्यां’त शोधावं. तीन वर्षं तो याच शब्दांत राहत होता.

माझे आजोबा नगर जिल्ह्यातून मुंबईला आले आणि गिरणीत बदली म्हणून लागले. बदलीवाल्याचा दिवस कसा जायचा ते मी त्यांच्याकडून लहानपणी खूपदा ऐकलं. पाळीचा भोंगा व्हायच्या आधी गिरणीच्या दरवाज्यावर हजर व्हायचं. कायम कामगारांपैकी कोण आलं नाही ते पाहून जॉबर बोट करणार, तू चल आत. ज्याच्याकडे बोट झालं नाही त्यानं डबा तसाच उचलून खोलीवर परत यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. डबा भरलेला परत आला की आजी तो काही न बोलता उघडायची. भाकरी दुपारपर्यंत कडक झालेली असे, ती आमटीत कुस्करायची. मत्थियाविषयी वाचताना मला आजोबा आठवतात ते साहजिक आहे. न आलेल्या माणसाच्या जागेवर दोघंही लागले. पण ही जोडी पुरती जुळत नाही, आणि जिथं ती तुटते तिथंच मत्थिया मला जास्त कळतो. आजोबा जागेसाठी उभे असत. आज नाही तर उद्या बोट होईल, उद्या नाही तर दिवाळीनंतर, आणि एक दिवस आपण कायम होऊ, ही आशा त्यांना पहाटे उठवायची. मत्थियापुढं असा दरवाजाच नव्हता. डोंगरावर बारा नावं घेतली गेली होती आणि त्यांतलं कुणी रजेवर जाणार नव्हतं. मिळण्यासारखं काही समोर नसताना तो रोज हजेरी लावत होता.

म्हणून चिठ्ठी निघाली त्या क्षणाला मी फारसं महत्त्व देत नाही. चिठ्ठ्या टाकणं हा जुगार नव्हता, हेही इथं सांगायला हवं. इस्राएलाच्या वंशांना कनान देशातली जमीन वाटून दिली ती चिठ्ठ्यांनीच. शौलाला राजा म्हणून वेगळं काढलं तेही असंच. मंदिरात धूप जाळायला कुणी जायचं, हे याजक चिठ्ठी टाकून ठरवत. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा बाप जखऱ्या आत गेला तो त्याची चिठ्ठी निघाली म्हणून. वधस्तंभाखालच्या शिपायांनी येशूच्या झग्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या त्याला फार तर दोन महिने झाले असतील. माडीवर बसलेल्यांना ते आठवलं नसेल असं वाटत नाही.

पण डोकं चालवायचं तिथं त्यांनी ते चालवलं होतं. अट आधी घातली, अटीत न बसणारे बाजूला केले, दोघं उरले. दोघांत डावं-उजवं करायला जागाच राहिली नाही, तेव्हा त्यांनी हात वर केले आणि मनं ओळखणाऱ्यावर निवाडा सोपवला. आमच्या मंडळीच्या कमिटीची निवडणूक जवळ आली की कोण कुणाच्या घरी चहाला जातं ते पाहून मला कधीकधी वाटतं, चिठ्ठ्या काय वाईट? नव्या करारात मात्र अशी चिठ्ठी पुन्हा कधी टाकलेली नाही. पुढं सात सेवक निवडायचे झाले तेव्हा ते सगळ्या समुदायानं निवडले.

निवड झाल्यावर मत्थियानं काय केलं? काहीच लिहिलेलं नाही, असं सगळे म्हणतात. त्याच्या नावानं लिहिलेलं नाही, हे खरं. पण दुसऱ्याच अध्यायात पन्नासाव्या दिवशी पेत्र लोकांशी बोलायला उभा राहतो, तेव्हा लूक म्हणतो की तो अकरा जणांबरोबर उभा राहिला. पेत्र सोडून अकरा. आदल्या अध्यायात चिठ्ठी टाकली नसती तर इथं दहा म्हणावं लागलं असतं. मत्थियानं भाषण केलं नाही, त्याला चेहरा नाही, संवाद नाही. त्याच्यामुळं एक आकडा पुरा झाला आहे.

पुढंही तसंच. महायाजक प्रेषितांना धरून तुरुंगात टाकतो, न्यायसभेपुढं उभं करतो. गमलियेल नावाचा शहाणा परूशी मध्ये पडतो म्हणून त्यांचा जीव वाचतो. फटके मात्र चुकत नाहीत. आणि त्या नावासाठी अपमान सोसायला आपण योग्य ठरलो म्हणून आनंद करत ते बाहेर पडतात. फटके ‘प्रेषितांना’ मारले असं लिहिलं आहे. त्या प्रेषितांत मत्थियाची पाठ होती. ज्या यादीत यायला त्याला एवढा उशीर झाला, त्या यादीत आल्याचा त्याला मिळालेला नोंदलेला मोबदला हा एवढाच.

मग विधवांच्या जेवणाचं भांडण येतं. ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांची तक्रार होती की रोजच्या वाटपात त्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. ‘बारांनी’ सगळ्यांना बोलावून तोडगा काढला. त्या बैठकीत मत्थिया होता. स्तेफनाला दगडमार झाल्यावर यरुशलेममधल्या मंडळीचा मोठा छळ सुरू झाला आणि सगळे यहूदिया व शोमरोनाच्या मुलखात पांगले, प्रेषितांखेरीज. म्हणजे मत्थिया पांगला नाही. वर्षांमागून वर्षं हा माणूस असा सामूहिक नामात राहून काम करतो आहे. लूकला त्याचं काही वेगळं सांगण्याजोगं सापडलं नाही. त्याच्याविरुद्ध सांगण्याजोगंही काही सापडलं नाही. पेत्राबद्दल मात्र कोंबडा आरवल्याची गोष्ट आहे, थोमाबद्दल जखमांत बोट घालण्याची.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात बरीच उशिरा आली. हेरोद अग्रिप्पानं योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीनं मारलं, ‘कृत्ये’च्या बाराव्या अध्यायात. तेव्हाही बारांचे अकरा झाले. पण या वेळी कुणी उभं राहिलं नाही, अट सांगितली नाही, चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. याकोबाची जागा तशीच ठेवली. कारण ती रिकामी झालेलीच नव्हती. मेलेला प्रेषित प्रेषितच राहतो. भरावी लागली ती फक्त सोडून गेलेल्याची जागा. हे कळल्यावर मत्थियाच्या नेमणुकीचं वजन मला वेगळंच वाटायला लागलं. त्याला बसायचं होतं ते विश्वासघातानं रिकाम्या झालेल्या जागेवर, आणि ती ओळख त्याला जन्मभर चिकटणार होती. आजही त्याचा परिचय यहूदाचं नाव घेतल्याशिवाय करून देता येत नाही. मलाही आला नाही.

काही उपदेशकांचं म्हणणं आहे की ही निवडच घाईची झाली. पवित्र आत्मा यायच्या आधी, पेत्राच्या उतावळेपणानं. देवाच्या मनात बारावा म्हणून पौल होता, आणि म्हणूनच मत्थियाचं पुढं नाव निघत नाही. हे मी व्यासपीठावरून ऐकलं आहे आणि मला ते पटत नाही. नाव निघत नाही हा दोष असेल, तर बर्थलमय, तद्दय आणि शिमोन जिलोत यांनाही घरी पाठवावं लागेल. यादीबाहेर ‘कृत्यां’त त्यांचं तरी काय आहे? शिवाय पौलानं स्वतः तसं कधी म्हटलेलं नाही. करिंथकरांना लिहिताना तो पुन्हा उठलेल्या येशूला कोणी कोणी पाहिलं ते क्रमानं सांगतो. त्यात ‘बारा’ वेगळे येतात, आणि सगळ्यात शेवटी, अकाली जन्मल्यासारखा, तो स्वतः. पेत्राच्या अटीतही तो बसत नव्हता. येशू गालीलात फिरत होता तेव्हा पौल त्याच्यामागं चालत नव्हता. पौल मोठाच. पण मोठा माणूस दिसला की मधल्या लहानाला उठवून त्याला जागा द्यायची, ही सवय उपदेशकांना कुठून लागते ते आपल्याला माहीत आहे.

चर्चनंही तेच केलं म्हणा. रोममधल्या लॅटरन बॅसिलिकात दोन्ही बाजूंच्या कोनाड्यांत बारा प्रेषितांचे प्रचंड संगमरवरी पुतळे आहेत, अठराव्या शतकात बसवलेले. त्यांत पौल आहे, मत्थिया नाही. रोमन मिस्साच्या जुन्या प्रार्थनेत प्रेषितांची नावं येतात त्या पहिल्या यादीतही पौल धरून बारा होतात. मत्थियाचं नाव बरंच पुढं दुसऱ्या यादीत, स्तेफन आणि बर्णबा यांच्या मध्ये घेतात. त्याचा सण पश्चिमेकडच्या चर्चमध्ये शतकानुशतकं 24 फेब्रुवारीला असे. पण रोमन पंचांगात लीप वर्षाचा जास्तीचा दिवस नेमका तिथंच घालत, त्यामुळं दर चौथ्या वर्षी तो 25 तारखेला सरकायचा. म्हणजे स्वतःची तारीखही त्याला पक्की नव्हती. 1969 मध्ये कॅथलिक दिनदर्शिकेची फेरमांडणी झाली तेव्हा त्याला उपवासकाळातून काढून 14 मे ही तारीख दिली, स्वर्गारोहणाच्या सणाच्या आसपासची. या एका बदलावर माझी काही तक्रार नाही. तो निवडला गेला तो त्याच दिवसांत.

दंतकथाही त्याच्या वाट्याला अशाच आल्या. अंद्रिया आणि मत्थिया यांची एक प्राचीन अद्भुत कथा आहे. तीत माणसं खाणाऱ्यांचा देश मत्थियाच्या वाट्याला येतो. ते लोक त्याला पकडतात, आंधळं करतात, कोंडून ठेवतात. मग समुद्र ओलांडून अंद्रिया येतो, त्याला सोडवतो आणि उरलेली कथा अंद्रियाची होते. काही हस्तलिखितांत तर मत्थियाऐवजी मत्तयच आहे. मरणही एक नाही: कुणी म्हणतं यरुशलेममध्ये दगडमार होऊन गेला, कुणी त्याला काळ्या समुद्राच्या काठी नेतं. जॉर्जियात बातुमीजवळच्या गोनियो किल्ल्यात त्याची कबर दाखवतात. जर्मनीत ट्रिअर शहरात त्याच्या नावाचा बेनेडिक्टाईन मठ आहे. सम्राट कॉन्स्टंटाईनची आई हेलेना हिनं त्याच्या अस्थी तिथं पाठवल्या अशी परंपरा आहे. 1127 मध्ये जुनं चर्च पाडताना त्या सापडल्या. आल्प्सच्या उत्तरेला प्रेषिताची म्हणून मानली जाणारी कबर ही एकच, आणि तिच्या दर्शनाला गावोगावच्या मंडळ्या आजही पायी चालत येतात. जन्मभर मागून चालत राहिलेल्याकडे चालत जायचं, हे मला रीतसर वाटतं.

त्याच्या नावावर दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत काही लेखनही फिरत होतं. त्याच्या नावाचं एक शुभवर्तमान चर्चच्या लेखकांनी खोटं म्हणून बाजूला काढलं. पण अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट ‘मत्थियाच्या परंपरा’ म्हणून काही विचार सांगतो. त्यांतला एक असा, की निवडलेल्या माणसाच्या शेजाऱ्यानं पाप केलं तर ते निवडलेल्यानंही केलं. कारण तो स्वतः नीट वागला असता तर शेजाऱ्याला त्याच्याकडे पाहूनच लाज वाटली असती. हा विचार मत्थियाचा असेल असं कुणी छातीठोकपणे म्हणणार नाही. ज्यानं तो त्याच्या तोंडी घातला त्याला मात्र माणूस कळला होता. यहूदाबरोबर मत्थिया तीन वर्षं चालला. एकाच रस्त्यावर, बहुधा एकाच पिशवीतल्या पैशांची भाकर खाऊन. त्याच्या जागेवर बसल्यावर ‘मी तसा नाही’ असं म्हणणं किती सोपं होतं! या विचारातला माणूस तसं म्हणत नाही. तीस नाण्यांचा हिशेब तो थोडा स्वतःकडेही मागतो.

गोव्यात दिवाडी बेटावर मळार गावात त्याच्या नावाचं चर्च आहे, सांव माथियश. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट जाते. पलीकडे उतरलं की खाजण शेतांमधून रस्ता लागतो. मी गेले ती आडवारी भर दुपारी, तेव्हा दाराला कुलूप. जुन्या गोव्यात मागं झेवियरसाठी रांगा लागलेल्या आणि इथं चर्चच्या अंगणात मी एकटी. सायकलवरून चाललेल्या एका आजोबांना विचारलं, हा सेंट कोण? ते थांबले, विचार केला आणि म्हणाले, ‘आमचो.’ आणि पायडल मारून पुढं गेले. बायबलवरच्या साऱ्या टीकाग्रंथांनी मिळून दिलं नसतं असं उत्तर त्यांनी मला दिलं. खालच्या बाजूला पंचायतीच्या पाटीवरही त्याचंच नाव होतं. जन्माचे दाखले ज्या नावाच्या कार्यालयात मिळतात असे प्रेषित फार नसतील.

राहिला युस्त. मत्थियावर लिहिणारे त्याला चिठ्ठीपाशी सोडून देतात, म्हणून मला त्याच्याविषयी थोडं लिहायचं आहे. लूक दोघांची ओळख करून देताना त्याचं नाव आधी घेतो, तेही तीन नावांनी. त्यावरून तो मत्थियापेक्षा जास्त माहितीतला असावा. खोलीतल्या बऱ्याच जणांनी मनात त्यालाच धरलं असेल. डोंगरावर त्याचंही नाव घेतलं गेलं नव्हतं, कफर्णहूममध्ये त्यालाही कुणी विचारलं नव्हतं, आणि आता, सगळं तेच आणि तेवढंच केलेलं असताना, चिठ्ठी दुसऱ्याची निघाली. मत्थियाला एकदाच बाजूला राहावं लागलं, युस्तला दोनदा. आणि दुसऱ्यांदा तर सगळ्यांपुढं उभं करून.

त्याचं पुढं काय झालं याचा धागा एका अनपेक्षित ठिकाणी लागतो. आजच्या तुर्कस्तानात, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या काठी, हिएरापोलिस नावाचं शहर होतं. तिथं दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला पापियास नावाचा बिशप होऊन गेला. प्रेषितांना पाहिलेल्या, ऐकलेल्या माणसांकडून मिळेल ते गोळा करून ठेवण्याचा त्याला नाद होता. त्यानं पाच भागांचा ग्रंथ लिहिला. तो हरवला, काही तुकडे इतरांच्या लेखनात उरले. प्रेषित मानल्या जाणाऱ्या फिलिप्पाच्या मुली हिएरापोलिसमध्येच राहत होत्या आणि त्यांच्याकडून पापियासनं जुन्या गोष्टी ऐकल्या होत्या. युसेबियस या इतिहासकारानं त्यातली एक नोंदवून ठेवली आहे. युस्त बर्सबाला विष प्यावं लागलं, आणि प्रभूच्या कृपेनं त्याला काही झालं नाही. ते विष कुणी दिलं, कुठं, कशासाठी, हे युसेबियस सांगत नाही. पण ज्याला विष पाजावं असं कुणाला तरी वाटलं, तो माणूस चिठ्ठी निघाली नाही म्हणून घरी जाऊन बसलेला नव्हता, एवढं त्यावरून निघतं. चिठ्ठी हरलेल्याची गोष्ट फिलिप्पाच्या मुलींनी अशी जपली. जिंकलेल्याविषयीही त्या काही बोलल्या असतील, पण युसेबियसनं ते उतरवून घेतलेलं नाही.